सिंगापूर ते न्यूयॉर्क थेट विमान: अंतर एकच, मग तासांचे आकडे तीन-तीन का?

भिंगरी
मंडळी, साधा प्रश्न आहे, हसू नका.

माझी मावशी (वय ७१) सध्या सिंगापूरला लेकाकडे आहे. फेब्रुवारीत तिथून थेट न्यूयॉर्कला लेकीकडे जाणार, आणि तेही पहिल्यांदाच एकटी. तिकीट हातात आल्यावर तिने चष्मा पुसून वाचलं आणि मला फोन केला. "रात्री ११:३५ ला निघणार, पहाटे ५:१५ ला पोचणार. अगं, म्हणजे पावणेसहा तास सुद्धा नाहीत! उगाच घाबरवत होतात मला सगळे."

म्हटलं, मावशी, हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ सिंगापूरच्या १३ तास मागे असतं, ते तेरा त्यात मिळव. ५:४० अधिक १३, झाले १८ तास ४० मिनिटं. पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

तिला धीर द्यावा म्हणून अंतर शोधायला बसले आणि माझंच डोकं फिरलं. एका साइटवर १५,३४९ किमी आणि उड्डाणाचा वेळ १७ तास ३ मिनिटं. दुसऱ्या साइटवर अंतर अगदी तेच, पण वेळ १९ तास ३४ मिनिटं. तिकीट म्हणतंय १८:४०. त्यात एकीकडे ९,५३७ मैल, तर एकीकडे ८,२८८ मैल! यातलं मावशीला काय सांगू?

त्रिज्या
भिंगरी, मैलांचं आधी उरकून टाकू. ९,५३७ हे आपले नेहमीचे मैल. ८,२८८ हे सागरी मैल, एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. १५,३४९ ला १.८५२ ने भागून बघा. त्या साइटने फक्त 'सागरी' हा शब्द गाळलाय.

वेळेची गंमत तर आणखी सोपी आहे. पहिल्या साइटने १५,३४९ ला ९०० ने भागलंय: १७.०५ तास, म्हणजेच १७ तास ३ मिनिटं. दुसरीने ताशी ५०० मैल (साधारण ८०५ किमी) धरले, त्याचे १९ तास ४ मिनिटं झाले, आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून वर अर्धा तास टाकला. झाले १९:३४. दोन्हीकडे कुठलंही विमान, कुठलाही वारा हिशेबात नाही. निव्वळ भागाकार.

भिंगरी
म्हणजे मी दोन संध्याकाळी पाचवीच्या भागाकारावर घालवल्या :(

उंटावरचा शहाणा
एक शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान पश्चिमेकडे गेलं तर न्यूयॉर्क स्वतःच समोरून येईल ना? पूर्वेकडे जाणाऱ्याला पळत्याच्या मागे लागावं लागेल. साइटवाल्यांनी हे धरलंय का?

त्रिज्या
आयडी सार्थ केलात! :) विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने फिरते. तुमचं खरं असतं तर हेलिकॉप्टरने जागच्या जागी तासभर घिरट्या घालायच्या आणि १,६७० किमी पलीकडच्या गावात उतरायचं. तसं होत नाही, कारण हवाही जमिनीसोबत फिरते, आणि उडण्याआधी विमानाच्या अंगातही तोच वेग असतो. चालत्या रेल्वेच्या डब्यात उडी मारली तर मागच्या डब्यात पडतो का आपण?

उंटावरचा शहाणा
पण लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठ तास आणि यायला सात, हे तर मी स्वतः अनुभवलंय. तुमच्या हिशेबाने दोन्ही सारखे हवेत. शिवाय माझ्या म्हणण्याच्या नेमकं उलटं आहे. पश्चिमेकडे जाताना जास्त वेळ लागतो!

धावपट्टी
आता बरोबर जागी आलात. तो फरक वाऱ्याचा.

बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये (विमानाची वाट आणि इंधन आखून देणारं खातं) काढली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा लांबण लावतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या नद्या असतात: जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानच्या आसपास तर त्यांचा वेग ताशी ३०० किमीच्याही वर जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओईशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी अहवाल लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत, जगाला कळावं म्हणून. परिणाम असा की जगाने तो वाचलाच नाही.

विमानाचा हवेतला वेग साधारण ठरलेला असतो. लांब पल्ल्याचं विमान माख ०.८५ (ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट) च्या आसपास चालतं, त्या उंचीवर तो ताशी नऊशेच्या घरात पडतो. त्यात मागचा वारा मिळवायचा किंवा समोरचा वजा करायचा, की जमिनीवरचा वेग आला. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ होतं तेव्हा एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. लोकांनी लगेच आवई उठवली की विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला. छे! सभोवतीच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच चालीने जात होतं.

पावशेर
मग जाताना जेवढा तोटा तेवढाच येताना फायदा. सरासरी काढली की साइटचा आकडा बरोबर. प्रश्न संपला.

त्रिज्या
इथेच तर सगळे फसतात. ९,००० किमी अंतर धरा, विमान ताशी ९००. वारा नसेल तर जाऊन-येऊन २० तास. आता १०० चा वारा लावा. मागून असेल तर ताशी १,००० ने ९ तास. समोरून असेल तर ताशी ८०० ने सव्वाअकरा तास. एकूण २० तास १५ मिनिटं. पंधरा मिनिटं गेली ती गेलीच.

कारण असं की वाईट वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो आणि चांगल्यात कमी. त्याच वाटेने परतायचं असेल तर स्थिर वारा जाऊन-येऊनच्या प्रवासात नेहमी तोट्याचाच.

पावशेर
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (गणित करून पाहिलं. बरोबर आहे.)

धावपट्टी
त्रिज्या, 'त्याच वाटेने' हे तुम्ही मुद्दाम घातलंत, बरं केलंत. आमची निम्मी नोकरी ती दुसरी वाट शोधण्यातच गेली.

निमूट
वाटेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मुलाला शिकवायला म्हणून घरातला पृथ्वीचा गोल घेतला आणि शिवणाचा दोरा. टोकियो आणि न्यूयॉर्क दोन्ही जवळपास सारख्याच अक्षांशावर, म्हणून पोरगं दोरा सरळ आडवा धरून पॅसिफिकवरून न्यायला लागलं. मी म्हटलं, आता टोकं न सोडता ताण. ताणल्याबरोबर दोरा सटकन वर सरकला आणि अलास्कावर जाऊन बसला, उरलेलं टोक बोटात लोंबायला लागलं. त्याने ते पट्टीने मोजून ठेवलंय.

नंतर आकडे काढले. आडव्या वाटेने सुमारे १२,७०० किमी, ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेने सुमारे १०,८००. भिंतीवरच्या नकाशावर मात्र हीच जवळची वाट धनुष्यासारखी वाकडी दिसते आणि लांबची वाट सरळ.

त्रिज्या
वा निमूट! ताणलेला दोरा म्हणजेच महावृत्त, इंग्रजीतलं ग्रेट सर्कल. साइटवरचं 'अंतर' हेच असतं.

आणि भिंगरी, तुमच्या मावशींची जोडी यात फार खास आहे. सिंगापूरचं रेखांश १०४ पूर्व, न्यूयॉर्कचं ७३.८ पश्चिम. बेरीज १७७.८, म्हणजे जवळजवळ १८०. दोन्ही शहरं गोलाच्या समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. मग जवळची वाट कुठली? सरळ उत्तरेला, ध्रुवाच्या खांद्यावरून पलीकडे!

म्हणून इथे कॅल्क्युलेटरचीही गरज नाही. सिंगापूर १.४ अंश उत्तर, तिथून ध्रुव ८८.६ अंश. न्यूयॉर्क ४०.६, ध्रुवापासून ४९.४. एकूण १३८ अंश. एक अंश १११.२ किमीचा धरला तर १५,३४६. साइट म्हणते १५,३४९. तोंडी हिशेबात तीन किलोमीटर चुकले, चालवून घ्या. ही रेषा ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जाते.

भिंगरी
बाई गं. मावशी उत्तर ध्रुवावरून जाणार? शाल दोन देते सोबत.

धावपट्टी
एकच पुरे. दोरा तिथून जातो, विमान जाईलच असं नाही. आणि या मार्गावर तर बहुधा नाहीच.

सिंगापूरहून निघालेलं विमान साधारणपणे ईशान्येला वळतं, जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिकवर येतं, तिथे जेट स्ट्रीमची पाठ धरतं आणि मग कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरतं. वाट लांब पडते, पण वारा ढकलत नेतो. डिस्पॅचर किलोमीटर बघत बसत नाही. तो बघतो मिनिटं आणि इंधन. रोजचा वारा वेगळा म्हणून वाटही रोज वेगळी आखली जाते.

ध्रुवाकडे न जाण्याची इतरही कारणं आहेत. फेब्रुवारी २०२२ पासून रशियाचं आकाश अनेक विमान कंपन्यांनी सोडलंय, काहींना तर ते बंदच आहे. हेलसिंकी ते टोकियो हे पूर्वी साडेनऊ तासांच्या आत होत असे, आता सुमारे १३ तास लागतात. शहरं जागची हलली नाहीत, साइटवरचं अंतरही तेच आहे. शिवाय थंडी: जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं, अमेरिकेत मिळणारं जेट ए तर उणे ४० लाच. ध्रुवाजवळच्या मार्गावर टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर डोळा ठेवूनच उडावं लागतं. आणि एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेच्या आजूबाजूला हवा. तो नसेल तर वाटच वाकवायची.

खिडकीची जागा
लांबच्या वाटेने लवकर पोचण्याचं माझं आवडतं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाची ही सेवा २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा विमान अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडे जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १३,९०० वरून १५,३०० किमी झालं, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी! साडेचौदा तासांत विमान पोचलं. परतताना अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. जाता-येता दोन्हीकडे वारा पाठीशी.

पावशेर
हे म्हणजे त्रिज्यांच्या सव्वाअकरा तासांना चकवा दिला. गोल पृथ्वी असण्याचा हा एक फायदा.

भिंगरी
थांबा थांबा. म्हणजे तिकिटावरचे १८:४० तरी खरे का?

धावपट्टी
ते उड्डाणाचे तास नाहीत. तो ब्लॉक टाइम. विमान जागेवरून मागे ढकललं त्या क्षणापासून पलीकडे चाकांखाली ठोकळे लागेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत रांगणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा रांगणं, सगळं त्यात येतं. वर ऋतूप्रमाणे थोडी ऐसपैस जागा ठेवतात. २०१८ च्या ऑक्टोबरात सिंगापूरहून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला थेट सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिलं विमान १७ तास ५२ मिनिटांत पोचलं. वेळापत्रकात त्याहून जास्त वेळ धरला होता.

आणखी एक, मावशींना पडद्यावर दिसेल म्हणून सांगतो. या मार्गावरच्या एअरबस ए३५०-९०० यूएलआरच्या (अतिलांब पल्ल्याचा प्रकार) टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं. साध्या ए३५०-९०० मध्ये सुमारे १,४१,०००. निघताना विमान इतकं जड असतं की सगळ्यात वरच्या उंचीवर जाऊच शकत नाही. इंधन जळेल तसं एकेक पायरी वर चढतं. आम्ही त्याला स्टेप क्लाइंब म्हणतो. म्हणजे सुरुवातीचं बरंचसं इंधन शेवटचं इंधन वाहून नेण्यातच खपतं. म्हणून अशी विमानं गच्च भरून नेत नाहीत. यात आसनं फक्त १६१.

निमूट
गावाला जाताना शिदोरी उचलायलाच गडी लागावा तसं.

चहाटळ
यापेक्षा मध्ये एक थांबा घेतला तर पाय तरी मोकळे होतात. १८ तास एका जागी, विचारानेच गुडघे दुखले. आणि बुकिंग करताना 'डायरेक्ट' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. डायरेक्ट म्हणजे एकच फ्लाइट नंबर, मध्ये थांबा असू शकतो. कुठेच थांबायचं नसेल तर 'नॉन-स्टॉप' हा शब्द शोधा.

जुनी ट्रंक
१८ तासांचं कौतुक चाललंय म्हणून थोडं अवांतर. १९४३ ते १९४५, महायुद्ध चालू. क्वांटासची कॅटलिना विमानं (पाण्यावर उतरणारी) ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून थेट सिलोनला जायची. साडेपाच हजार किमीच्या वर पल्ला, जपान्यांच्या भीतीने रेडिओ बंद, रात्री ताऱ्यांवरून दिशा. लागायचे २७ ते ३३ तास. एका उड्डाणात दोनदा सूर्य उगवायचा, म्हणून प्रवाशांना 'डबल सनराइज'चं प्रमाणपत्र द्यायचे.

आणि १ डिसेंबर १९४७ ला सिडनी–लंडन नियमित सेवा सुरू झाली तेव्हा डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत चार दिवस लागले. प्रत्यक्ष हवेत ५५ तास. २०१९ मध्ये त्याच क्वांटासने लंडन–सिडनी न थांबता चाचणीसाठी उडवून पाहिलं: १९ तास १९ मिनिटं. मावशींना सांगा, त्या मधल्या जमान्यात नाहीत हे नशीब.

भिंगरी
मावशीला सगळा धागा वाचून दाखवला. कॅटलिनावर ती खूश, गोठणाऱ्या इंधनावर नाराज. तिने एक वही केली आहे. "दर वेळी जाग आली की पडद्यावरचा आकडा लिहून ठेवीन, तुझ्या त्या धावपट्टीला दाखव" असं म्हणाली. निघाली की कळवते.

भिंगरी (महिन्याभराने)
मावशी गेली, राहिली, परतही आली! वहीचं पान तसंच्या तसं उतरवून देते. वेळा सिंगापूरच्या, तिने घड्याळ बदललंच नव्हतं.

११:५८ उडालो.
१:१० वेग ९१५. उंची ९,४००. शेजारचा मुलगा घोरतो.
४:२० वेग १,१४२!! मुलाला उठवून विचारलं. तो म्हणाला, आजी, मागून वारा आहे. मला माहीत होतं, त्याला आहे का ते बघत होते.
५:१० उजाडलं. खाली नुसतं पाणी.
८:४० उंची १०,७००. पायरी चढलो.
१०:३५ सूर्य मावळला. अजून जेवणसुद्धा पचलं नव्हतं.
२:०० वेग ८७०. वारा सोडून गेला.
३:१५ उंची ११,९००. आणखी एक पायरी.
५:३२ टेकलो. तिथे पहाटेचे ४:३२.

धावपट्टी
हवेत १७ तास ३४ मिनिटं. मावशींना माझा नमस्कार सांगा, अशी नोंदवही आमच्याकडे नवीन पोरं ठेवत नसत. ४:२० ची नोंद जपानच्या पुढच्या जेट स्ट्रीमचीच.

त्रिज्या
आणि साडेपाच तासांचा दिवस! सूर्याच्या उलट्या दिशेने पळालं की दिवस असा चिमटीत सापडतो. परतीचं काय झालं?

भिंगरी
तेच तर विचारायला आले. परतीला विमान अटलांटिकवरून, युरोपवरून आलं. मावशी म्हणते, "जातानाही पूर्वेकडे, येतानाही पूर्वेकडे. म्हणजे मी पृथ्वीला फेरी घातली की!" तिचा हिशेब असा: १० फेब्रुवारीच्या रात्री निघाली, ५ मार्चच्या पहाटे अंधारातच परत सिंगापूरला. तेवढ्यात तिच्या मुलाकडे सूर्य २२ वेळा उगवला. तिने वहीत रोज रेघ मारली होती, ढगाळ दिवसांचीसुद्धा. तिच्या रेघा २३. मुलगा म्हणतो, आई, तू चुकलीस. घरात दोन दिवस यावरून वाद चालू आहे.

त्रिज्या
मुलाला सांगा, आई बरोबर आहे. ११ फेब्रुवारी ते ४ मार्च, मुलाचे २२. मावशींचे न्यूयॉर्कमधले ११ फेब्रुवारी ते ३ मार्च असे २१, शिवाय जाताना पॅसिफिकवर एक, येताना विमानात एक. तेवीस. पूर्वेकडून पूर्ण फेरी घातली की एक सूर्योदय जादा मिळतोच, मग ती तीन आठवड्यांत घाला नाहीतर तीन वर्षांत.

मॅगेलनची माणसं पश्चिमेकडून फेरी घालून जुलै १५२२ मध्ये केप व्हर्देला टेकली तेव्हा उलटं झालं होतं. त्यांच्या रोजनिशीत बुधवार, किनाऱ्यावर गुरुवार. त्यांच्यातला रोजनिशी लिहिणारा पिगाफेत्ता रोज न चुकता नोंद करत होता, त्यामुळे त्याला पटेचना.

भिंगरी
वाचून दाखवलं. मावशीने मुलाकडे विजयाने पाहिलं आणि मला म्हणाली, "विचार त्यांना, पुढच्या वेळी पश्चिमेकडून गेले तर हा जादाचा परत द्यावा लागेल का?"

त्रिज्या
पूर्ण फेरी घातली तर हो. अर्ध्या वाटेवरून परतल्या तर नाही.